परदेशातून घरच्या इंटरनेटवर कार्यक्रम पाहण्याची सोय

स्ट्रीमिंगचे हक्क देशागणिक विकले जातात आणि प्रेक्षक कोठे आहे हे ॲप मुख्यतः त्याच्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळख-क्रमांकावरून) ठरवते, म्हणून भारतात पैसे भरून घेतलेली मराठी मालिका परदेशी पोहोचताच दिसेनाशी होते. आपली इंटरनेट वाहतूक आधी आपल्याच घरी नेऊन तिथल्या जोडणीतून बाहेर सोडली, तर पत्ता घरचाच दिसतो. फुकट व्हीपीएन (म्हणजे वाहतूक दुसऱ्याच्या संगणकामार्गे फिरवणारी सेवा) देणाऱ्या अनोळखी कंपनीच्या हाती सगळी वाहतूक सोपवण्यापेक्षा मला हा मार्ग कितीतरी विश्वासाचा वाटतो.

प्रथम घरच्या जोडणीचा अपलोडचा वेग मोजावा. परदेशात आपण जे पाहणार ते घराच्या दृष्टीने अपलोड असते, त्यामुळे जाहिरातीतला डाउनलोडचा आकडा येथे उपयोगाचा नाही. 1080पी चित्रासाठी नेटफ्लिक्स 5 एमबीपीएस सुचवते. घरच्यांचाही वापर चालू असतो, म्हणून निदान त्याच्या दुप्पट अपलोड असावा.

पुढची अडचण पत्त्याची. भारतात अनेक घरांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे असे समजावे. अशा वेळी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून काही साधत नाही. म्हणूनच मी नुसत्या वायरगार्ड या व्हीपीएन तंत्राऐवजी त्यावरच उभारलेली टेलस्केल ही सेवा सुचवतो, कारण त्यात दोन्ही टोके, म्हणजे घरचे यंत्र आणि तुमचा फोन, आतून बाहेर संपर्क साधून एकमेकांना गाठतात.

घरी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा जुना लॅपटॉप केबलने राउटरला जोडावा, त्यावर टेलस्केल बसवावे, त्यावर लिनक्स प्रणाली असल्यास आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्या यंत्राची वाहतूक पुढे पाठवण्याची सोय) चालू करावे आणि ते यंत्र 'एक्झिट नोड', म्हणजे वाहतूक बाहेर सोडणारे यंत्र, म्हणून जाहीर करावे. नंतर टेलस्केलच्या व्यवस्थापन पानावर त्याला मंजुरी द्यावी आणि तेथेच त्या यंत्राची किल्ली, म्हणजे त्याचे लॉगिन टिकवणारी डिजिटल खूण, कालबाह्य होण्याची सोय बंद करावी. ही किल्ली एरवी 180 दिवसांनी संपते, आणि पुन्हा लॉगिन करायला घरी कोणी जाणकार नसेल तर सगळेच अडते. परदेशी नेण्याच्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन करून तो एक्झिट नोड निवडला की काम झाले.

माझ्या घरी पहिल्याच पावसाळ्यात वीज गेली आणि परत आल्यावर लॅपटॉप आपोआप सुरू झालाच नाही. आईला फोनवरून बटण शोधून द्यावे लागले. तेव्हापासून वीज येताच स्वतः सुरू होणारे यंत्रच मी ठेवतो, शिवाय राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही छोट्या यूपीएसवर असतात.

जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांना हे आधी सांगावे, कारण तुमची सगळी वाहतूक त्यांच्या नावाने बाहेर पडते. ॲपच्या अटीही वाचाव्यात. ज्या देशात जाणार तिथला कायदा तर पाहावाच. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी वा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

विमानात बसण्यापूर्वी एकदा फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून हे सगळे चालवून पाहावे आणि बाहेर दिसणारा पत्ता घरचाच आहे याची खात्री करून घ्यावी.