दुसऱ्या महायुद्धातला रायफलचा पट्टा घेताय? या चुका टाळा

ली-एनफिल्ड किंवा अमेरिकन गॅरंडसारख्या रायफलीचा महायुद्धातला ओरिजिनल स्लिंग म्हणून जे ऑनलाइन विकलं जातं त्यातलं बरंचसं नंतर बनवलेलं असतं, आणि गंमत नाही, खरंच वाईट वाटतं जेव्हा कोणी चांगले पैसे मोजून नकली पट्टा घेतो आणि शेजारचा खरा पट्टा "हा डुप्लिकेट दिसतोय" म्हणून सोडून देतो. दोन्ही चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त शिक्का बघणं. शिक्का बनवणं सगळ्यात सोपं काम आहे. ब्रिटिश कापडी पट्ट्यावर ब्रॉड अ‍ॅरो म्हणजे बाणाची खूण असते, कॅनडाच्या मालावर तोच बाण इंग्रजी सी अक्षराच्या आत, आणि भारतात बनलेल्यावर बाणाखाली आय. हे माहीत असणं चांगलंच, पण शिक्का वाचण्याआधी त्याची शाई बघा. भिंग घेऊन बघितलं की कळतं, जुनी शाई धाग्यात मुरलेली असते आणि जिथे कापड घासलंय तिथे शिक्कापण तेवढाच घासलेला असतो. कापड मळकट आणि त्या मळाच्या वर काळाकुळकुळीत शिक्का बसलाय, तर तो मागाहून मारलाय.

दुसरी चूक, आणि ही आपल्याकडच्यांनी तरी करू नये, भारतीय बनावटीचा पट्टा नकली समजणं. युद्धकाळात भारतात बनलेलं वेबिंग, म्हणजे जाड विणलेल्या सुती पट्टीचं सामान, ब्रिटिश मालापेक्षा जाडंभरडं, वीण सैल. इंग्लंडचा घट्ट विणलेला पट्टा बघून डोळे सरावलेले असतात म्हणून हा "स्वस्त कॉपी" वाटतो. पण ब्रह्मदेशात लढलेल्या भारतीय पलटणींकडे असंच सामान होतं, ते त्या इतिहासाचा भाग आहे. आता यातच एक अडचण, आपल्याकडे .303 म्हणजे ली-एनफिल्ड रायफली 1947 नंतरही कितीतरी वर्षं पोलिसांकडे आणि इतरत्र होत्या, म्हणजे पट्टेही बनत राहिले. असा पट्टा नकली नाही, पण युद्धातलाही नाही, आणि विकणारा दोन्हीची किंमत एकच लावत असेल तर तारीख कुठे आहे ते विचारा.

यूव्ही टॉर्चवर आंधळा विश्वास ठेवू नका. लॉजिक असं की कापड आणि डिटर्जंटमध्ये चमक आणणारी केमिकल्स युद्धानंतर सर्रास आली म्हणून नवीन धागा निळसर चमकतो. बरोबर आहे, पण खरा जुना पट्टा कोणी मागच्या वर्षी साबण पावडरने धुतला असेल तर तोही चमकणार! आणि आजचा न धुतलेला साधा सुती धागा चमकणार नाही. त्यापेक्षा शिलाईचा सुटलेला एखादा तंतू (स्वतःच्या पट्ट्याचाच, दुकानदाराच्या नाही) चिमट्यात धरून जाळून बघा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. पॉलिएस्टर निघालं तर ती शिलाई युद्धातली नाही, फक्त एवढं तपासा की अख्खा पट्टा तसा शिवलाय की एकाच जागी नंतर दुरुस्ती झालीय.

चामड्याच्या पट्ट्यात, म्हणजे अमेरिकन एम 1907 मध्ये, लोक हुकांवरून घसरतात. कुठेतरी वाचलेलं असतं की ओरिजिनलचे हुक पितळी, मग लोहचुंबक चिकटला की नकली म्हणून मोकळे. अहो, पितळी हुक मुख्यतः पहिल्या महायुद्धाचे, दुसऱ्यात स्टीलचे आले. पट्ट्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि साल छापलेलं असतं: बॉइट 42 वर पितळ सापडतं, बॉइट 43 किंवा मिल्स्को 1943 वर स्टील असेल तर ते योग्यच आहे.

चामडं खरं बोलतं ते भोकांमध्ये. एम 1907 ला जोडीजोडीने भोकं असतात, त्यातलं एक टॉर्च मारून बघा. त्या काळचं झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, आजच्या क्रोमने कमावलेल्या चामड्याचा गाभा निळसर करडा दिसतो. वापरलेल्या पट्ट्यात ठराविकच भोकं ताणून लांबट होतात, बाकीची गोल राहतात. सगळा पट्टा एकसारखा जुना दिसला, कडीखाली झाकलेला भागही तेवढाच काळवंडलेला असला, तर रंगवलाय समजा, कारण झाकलेल्या जागेला ऊन आणि घाम लागत नाही. मात्र न वापरलेले कोरे ओरिजिनलही मिळतात, तेव्हा नवा दिसतो एवढ्यावरून नाकारू नका.

आणि कृपा करून घरी आणल्याबरोबर साफसफाई करू नका. ब्रिटिश शिपाई वेबिंगला ब्लँको नावाची पेस्ट लावायचे, तिचे हिरवट थर विणीत बसलेले असतात, लोक ते मळ समजून धुऊन टाकतात. पितळी टोकं ब्रासोने घासली की जुनी झाक गेली. चामड्याला तेल चोपडलं की ते गडद होतं आणि मग कुठे ऊन लागलं होतं कुठे नाही काही कळत नाही.

फोटोवरून घेताना पुढची बाजू सगळेच दाखवतात. तुम्ही मागची बाजू, पितळी टोकाच्या आत दाबलेलं कापड, शिक्क्याचा जवळून फोटो आणि कडी बाजूला सरकवून खालचा भाग मागा. "रायफलसोबतच आला होता" याला पुरावा मानू नका, पट्टे तेव्हाही अदलाबदल व्हायचे, आजही होतात.