डॅशबोर्डवर दिवा लागला की होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या घरात गाडीतलं थोडंफार कळणारा मी एकटाच, त्यामुळं खानापूर, निपाणी, चंदगड, जिथं म्हणून पाव्हणे आहेत तिथून फोन मलाच येतो. "गाडीत कसला तरी दिवा लागलाय, चालवू का नको?" मी आधी विचारतो, रंग कुठला? तर बऱ्याच वेळा तो बघितलेलाच नसतो. कुणी घाबरून भर रस्त्यात गाडी थांबवलेली असते, नाहीतर कुणी आठवडाभर तसाच फिरत असतो आणि वर म्हणतो, गाडी तर मस्त चालते की.

तर आधी रंग. लाल असेल तर जागा बघून थांबायचं (बॅटरीचा लाल दिवा तेवढा अपवाद, तो पुढं येतो). पिवळा किंवा नारिंगी असेल तर सावकाश चालवा पण लवकर दाखवा. हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच, इंडिकेटर, हायबीम वगैरे. काही गाड्यांत थंडीच्या सकाळी निळा थर्मामीटर दिसतो, बेळगावात डिसेंबरात तर रोजच दिसेल, तो बिघाड नाही, इंजिन अजून गार आहे म्हणून सांगतोय. दोन-चार किलोमीटर निवांत चालवा, रेस देऊ नका, जातो तो.

आणि एक सवय लावून घ्या. चावी ऑन करून लगेच स्टार्टर मारू नका, दोन-तीन सेकंद थांबा (बटण स्टार्ट असेल तर क्लच-ब्रेक न दाबता दोनदा बटण दाबायचं). बहुतेक दिवे एकदा पेटतात, मग स्टार्ट केल्यावर विझतात. ऑइलचा दिवा त्या वेळी पेटलाच नाही तर तोही फॉल्टच आहे, कारण उद्या खरंच प्रेशर गेलं तर तो तुम्हाला सांगणारच नाही. जुनी गाडी घेताना तर हे बघाच बघा, एअरबॅगचा दिवा मुद्दाम काढून टाकलेल्या गाड्या विकल्या जातात.

"इथंच तर आहे की बेळगाव"

माझे मामा निपाणीहून येत होते, रात्रीची वेळ, वंटमुरी घाट मागं टाकला आणि काकतीच्या आसपास लाल किटलीसारखं चित्र लागलं. गाडीचा आवाज बदललेला नाही, पिकअप नीट आहे, समोर बेळगावचे दिवे दिसताहेत, मग कोण थांबणार? घरी जाऊन बघू म्हणून आणले तसेच. घराच्या अलीकडच्या चढाला खडखड सुरू झाली आणि गाडी तिथंच बसली. दुसऱ्या दिवशी उद्यमबागेत टोइंग करून नेली, मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "मामा, दिवा लागल्यावर किती चालवलासा?" मामा गप्प. बेअरिंग गेलेली, क्रँक घासलेला, सगळं इंजिन उतरवावं लागलं.

तो दिवा ऑइल कमी आहे हे सांगत नाही, ऑइलचं प्रेशर गेलंय हे सांगतो, आणि हाच फरक लोकांना कळत नाही. प्रेशर गेलं म्हणजे बेअरिंगवरचा ऑइलचा पातळ थर गेला, लोखंडावर लोखंड घासायला लागलं. तिथं बेळगाव पाच किलोमीटर आहे का पन्नास याला काही अर्थ नाही, इंजिन बंद करणं हा एकच उपाय. बाजूला घ्या, लगेच बंद करा, मग सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची कांडी, काढा. पहिल्यांदा काढलेली कांडी बघायची नाही, ती पुसायची, परत पूर्ण आत घालायची आणि मग काढून बघायची. कांडीवर दोन खुणा असतात, ऑइल त्यांच्या मध्ये पाहिजे. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल घालून परत स्टार्ट करून बघता येतं, पण लेव्हल बरोबर असून दिवा विझत नसेल तर पंप आहे का सेन्सर हे रस्त्यावर कळत नाही, टोइंगच बोलवा. हायवेवर असाल तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि ११२ तर कुठूनही लागतो.

महिन्यातून एकदा कांडी बघितली असती तर मामांचं ऑइल खाली गेलंय हे आधीच कळलं असतं. सर्व्हिसिंग वर्षातून एकदा होते म्हणून वर्षभर बॉनेट उघडायचंच नाही ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आणि किलोमीटर कमी झालेत म्हणून ऑइल बदलायचं नाही असंही नाही, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, बहुतेक कंपन्या हेच सांगतात, गाडी दारात उभी असली तरी ऑइल जुनं होतंच.

घाटात टेंपरेचर

चोर्ला घाट चढून गोव्याहून परत येताना, मे महिना, पाच माणसं, एसी फुल, पुढं लोड घेतलेला ट्रक आणि ओव्हरटेकला जागा नाही, अशा वेळी काटा वर सरकायला लागतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त लाल दिवा लागतो, म्हणजे तो लागला की उशीर झालेलाच आहे असं समजा. काटा चढत असेल तेव्हा आधी एसी बंद, मग हीटर फुल गरमवर. उकाड्यात हीटर म्हटल्यावर घरातले ओरडतात, पण हीटरचा कोर हा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची उष्णता तो बाहेर काढतो. दिवा लाल झाला किंवा काटा उतरेना तर थांबायचं आणि इंजिन बंद.

आणि आता खरी चूक. थांबले रे थांबले की कोणीतरी बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला जातो. नका उघडू. आत पाणी शंभर डिग्रीच्या वर गेलेलं असतं, उकळत नाही ते फक्त प्रेशरमुळं, झाकण ढिलं केलं की प्रेशर गेलं आणि सगळं एकदम वाफ होऊन अंगावर येतं. जांबोटी रोडला एकाचा हात असा भाजलेला मी स्वतः बघितलाय, कोपरापासून मनगटापर्यंत. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा जाड होज हाताला कोमट लागला पाहिजे, मग जाड फडकं धरून हळूच. गरम इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, ब्लॉक नाहीतर हेड तडकतं. कणकुंबीकडं फोनला रेंज नीट मिळत नाही, त्यामुळं घाटात शिरायच्या आधीच कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी बघून घ्या, बाहेरूनच रेषा दिसतात, झाकण उघडायचीही गरज नाही.

कूलंटच्या जागी बोअरचं पाणी घालणं हे आपल्याकडं सर्रास चालतं. अडचणीत घातलं तर चालेल, पण घरी येऊन काढा. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, घरच्या बंबात, गीझरमध्ये पांढरा थर बसतो तोच थर, शिवाय गंज. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिक्स मिळतं ते. आणि सारखंसारखं कमी होत असेल तर घालत बसू नका, कुठं जातंय ते शोधा.

ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, अर्धा ओढलेला असतो कधीकधी. तो नसेल तर ब्रेक ऑइल कमी झालंय. इथं लोक वरून ऑइल घालतात, दिवा विझतो, काम झालं असं वाटतं. अहो पण ब्रेक पॅड झिजले की ऑइलची लेव्हल आपोआप खाली येते, म्हणजे दिवा पॅड संपत आले हे सांगत होता, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. नाहीतर कुठंतरी गळती असेल, ती त्याहून वाईट. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात ओलीला काय कमी, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. ओल धरलेलं ऑइल गरम झालं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि आंबोली उतरताना पायाखालचा पेडल एकदम मऊ लागतो. घाट चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल तर अजिबात नको. नुसता एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, चाक लॉक होऊ शकतं एवढंच, सावकाश जा. पण एबीएस आणि लाल ब्रेक दोन्ही एकदम लागले तर पुढं जाऊच नका.

बॅटरीचा दिवा लागला की लोक बॅटरी बदलतात. चालत्या गाडीत तो लागला तर बहुतेक वेळा अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा पट्टा गेलेला असतो. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दाखवायला पाहिजे, पाच मिनिटांचं काम आहे, मीटर लावून बघितल्याशिवाय नवीन बॅटरीचे पैसे देऊ नका. वाटेत लागला तर एसी, म्युझिक बंद करून जवळच्या गॅरेजला जा, मध्ये इंजिन बंद करू नका, परत स्टार्ट होणार नाही. बरोबर टेंपरेचरही चढत असेल तर मात्र थांबाच, काही गाड्यांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो.

पिवळं इंजिन

चेक इंजिनचा दिवा लागला की सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे बॅटरीची वायर काढून परत लावणे. दिवा जातो, दोन-चार दिवसांनी परत येतो, आणि मधल्या मध्ये फॉल्ट आला तेव्हा आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किती होता, इंजिन किती गरम होतं, ही सगळी नोंद पुसली जाते. मिस्त्रीला मग अंदाजच लावत बसावं लागतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधला फॉल्ट वाचणारा स्कॅनर लावा, तो दाखवतो तो कोड लिहून घ्या. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे हेही लक्षात ठेवा. पी-०४२० आला की महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) बदला असं सांगणारे भेटतील, पण सायलेन्सरची गळती किंवा ऑक्सिजन सेन्सर असला तरी तोच कोड येतो. आधी तपासणी, मग पार्ट. हाच दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी, मिसफायर होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो, ॲक्सिलरेटर सोडा आणि बाजूला घ्या.

पावसाळ्यात आणि ऊस तुटल्यावर उंदीर घराकडं येतात आणि बॉनेटखाली गरम जागा बघून बसतात. गाडी आठ दिवस उभी होती आणि एकदम दोन-तीन दिवे लागले तर स्कॅनरच्या आधी बॉनेट उघडून वायरी बघा.

बीएस-सहा डिझेल गाडी घेऊन जे लोक टिळकवाडी ते शहापूर एवढंच फिरतात त्यांना डीपीएफचा दिवा हमखास भेटतो. सायलेन्सरमधल्या फिल्टरात काजळी साठते, ती जाळायला सलग गरम सायलेन्सर लागतो आणि गावातल्या पाच मिनिटांच्या फेऱ्यांत तो तापतच नाही. दिवा लागला की हायवेला काढा, संकेश्वरच्या दिशेनं पंधरा-वीस मिनिटं, साठच्या वर, दोन हजारच्या आसपास आरपीएम ठेवून, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मध्येच चहाला थांबून इंजिन बंद करू नका. अर्धवट सोडत राहिलात तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसायला लागलं तर आनंद मानू नका, ऑइल बदला.

टायरचा दिवा लागला तर हवा गार टायरमध्ये, सकाळी बघायची, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, भरलेल्या गाडीचा वेगळा. पंपवाल्याला "सगळीकडं पस्तीस मार" म्हणायचं नाही. स्टेपनी पण तपासा.

शेवटची चूक म्हणजे मिस्त्रीकडं जाऊन "कसला तरी दिवा लागलेला, आता गेलाय" एवढंच सांगणं. असे येणारे-जाणारे दिवे गॅरेजमध्ये कधीच लागत नाहीत. दिवा लागला की शेजारी बसलेल्याला मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यायला सांगा, स्पीड आणि आरपीएम दिसेल असा, इंजिनचा आवाज येईल असा. चढ होता का उतार, एसी चालू होता का, पाऊस होता का, हे पण बोलून ठेवा त्यातच. मिस्त्रीला तो दाखवला की निम्मं काम तिथंच झालेलं असतं.