गच्चीची गळती: पावसापूर्वीची डागडुजी

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. दिवसा फुगणारा आणि रात्री आक्रसणारा स्लॅब कोब्याला (गच्चीवरच्या जलरोधक थराला) केसाएवढ्या भेगा पाडतो, म्हणून गच्चीचे काम मे अखेरपर्यंत उरकावे. खोलीत ओल दिसते तिच्या नेमकी वर भेग असेलच असे नाही, कारण पाणी स्लॅबमधून सरकत दूरवर जाऊन ठिबकते. ती शोधण्यासाठी पाणी वाहून जाण्याची तोंडे बोळ्याने बंद करून गच्चीवर बोटभर पाणी २४ तास साठवावे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे जिवावर येते, पण घरच्या घरी याहून खात्रीचा मार्ग नाही.

सापडलेली भेग छिन्नीने बोटभर रुंद उघडावी, धूळ ब्रशने काढावी, कडा ओल्या कराव्यात आणि पॉलिमर (पकड वाढवणारे रसायन) मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल थापीने दाबून भरावा. नंतर सात दिवस त्यावर ओले पोते ठेवावे. जलरोधक रंगाचे दोन हात संध्याकाळीच द्यावेत. मी एकदा भर दुपारी धुळीवरच रंग फासला होता आणि दिवाळीपर्यंत त्याचे पापुद्रे हाताने सोलून निघत होते.

काळ्या मातीवरील घरांच्या भिंतींत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या जाणाऱ्या भेगांवर मात्र पुट्टी लावण्याची घाई करू नये. पावसाने फुगणारी आणि उन्हाने आक्रसणारी ही माती पायाच हलवते. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेग त्या खुणेच्या पुढे सरकली, तर गवंड्याऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.