स्कोपचा झीरो सारखा हलतोय? टरेटला हात लावण्याआधी या चुका टाळा

चवथ आटोपून पाऊस ओसरला, की गोव्यात कपाटात ठेवलेल्या एअर रायफली बाहेर निघतात. पहिले चार-पाच छर्रे कागदावर भलतीकडेच पडतात, "झीरो गेला" (स्कोपची, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीची, रेघ रोखली तिथे छर्रा पडत नाही) असं म्हणत नेमबाजाचा हात थेट टरेटकडे, म्हणजे ती रेघ सरकवणाऱ्या स्कोपवरच्या गोल बटणाकडे जातो, आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो. दोष माउंटमध्ये (स्कोप रायफलीला जोडणाऱ्या पकडीत) असला आणि तुम्ही तो टरेट फिरवून झाकला, तर दोन दिवसांनी झीरो पुन्हा हलणार. शिवाय मूळ झीरो किती क्लिकवर (टरेटच्या पायऱ्यांवर) होता, तेही हातचं गेलेलं असेल.

माझं ठाम मत आहे की स्कोपच्या आतल्या बिघाडाचा संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी रायफलीचे स्क्रू, मग माउंट, मग रिंगा (स्कोपभोवतीच्या कड्या), मग आपली पकड, आणि एवढं सगळं निर्दोष ठरलं तरच स्कोप.

हात लावण्याआधी रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करा. 4.5 मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण पक्षी-प्राण्यांवर ती रोखायची नाही. त्यासाठी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चाचणी कागदावरच करा, आणि कागदामागे छर्रा थांबवणारा भक्कम आडोसा हवा.

एका छर्ऱ्यावरून निकाल देणं

झीरो सरकणं आणि ग्रुप (लागोपाठ मारलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका) पसरणं हे दोन वेगळे आजार आहेत. पाच छर्रे एकमेकांना चिकटून पडले, पण डावीकडे 2 सेंमीवर, तर झीरो सरकला आहे. तेच पाच कागदभर विखुरले तर काहीतरी ढिलं आहे, किंवा छर्रे त्या नळीला मानवत नाहीत. विखुरलेल्या ग्रुपवर क्लिक मोजत बसणं म्हणजे वाऱ्याशी भांडणं. निदान पाच छर्ऱ्यांचे दोन ग्रुप मारा, दोन्हींचे मध्य काढा आणि मगच बोला.

काढघालीच्या माउंटवर आंधळा विश्वास

स्कोप काढून पुन्हा बसवता येईल असं लिव्हरचं किंवा नॉबचं माउंट इथे अनेकांना सोयीचं वाटतं. दमट हवेत स्कोप वेगळा, कोरड्या डब्यात ठेवता येतो. परवान्याची रायफल असलेल्यांना आणखी एक कारण आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की, सूट मिळाली नसेल तर, हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. तेव्हा स्कोप काढून घरी ठेवलेला बरा.

खोक्यावर "झीरो परत येतो" असं छापलेलं असतं. चांगलं माउंट खरंच बऱ्यापैकी परत येतं, पण "बऱ्यापैकी" म्हणजे किती, हे आपल्या रायफलीवर आपणच मोजायचं असतं. हिशेब साधा आहे. दोन रिंगांमध्ये 10 सेंमी अंतर आहे आणि माउंटच्या पुढच्या बैठकीखाली फक्त 0.05 मिमी जाडीचा कचरा अडकला, म्हणजे कार्यालयातल्या साध्या कागदाच्या निम्मी जाडी. तेवढ्याने 25 मीटरवर छर्रा सुमारे 12 मिमी खाली जातो आणि 50 मीटरवर 25 मिमी. आपल्याकडची तांबडी माती आणि किनाऱ्यावरची बारीक रेती यांना तेवढी फट पुरते. म्हणून प्रत्येक वेळी बसवण्याआधी रेल (रायफलीवरची पट्टी, जिच्यावर माउंट बसतं) आणि माउंटची बैठक, दोन्ही कोरड्या कापडाने पुसा, कोपऱ्यांतून जुना टूथब्रश फिरवा. तेलाचा पातळ थरही बैठकीवर नको, त्यावरून पकड घसरते.

नेहमी त्याच खाचेत बसवा. पिकाटिनी रेलच्या (आडव्या खाचांच्या पट्टीच्या) खाचा सुमारे 10 मिमी अंतरावर असतात. एक खाच चुकली तरी झीरो बदलू शकतो, कारण रेल सगळीकडे सारखी सपाट असेलच असं नाही. ज्या खाचेत बसवता तिच्या शेजारी पेन्सिलीने खूण करून ठेवा. दोन लिव्हर असतील तर आवळण्याचा क्रम ठरवून घ्या आणि तो बदलू नका. लिव्हरचा ताण ठरवणारा नट इतपत हवा, की लिव्हर बोटांनी बंद होताना स्पष्ट जोर लागेल, पण पक्कड घ्यावी लागणार नाही. नॉबचं माउंट असेल तर "हाताला लागेल तेवढं" हे माप रोज बदलतं. तिथे टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) घ्या आणि माउंटच्या कागदावर दिलेला आकडा पाळा.

आता चाचणी. माउंट न काढता दहा छर्ऱ्यांचा एक ग्रुप मारा. मग दुसऱ्या कागदावर दहाच छर्रे, पण प्रत्येक छर्ऱ्यानंतर माउंट काढा आणि पुन्हा बसवा. दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडात बघा. दुसरा ग्रुप पहिल्याइतकाच असेल तर माउंटवर निर्धास्त राहा. तो दुप्पट पसरला असेल तर हे माउंट काढघालीसाठी नाही, एकदा आवळून कायमचं ठेवा. ही चाचणी कंटाळवाणी आहे, तरी ती केल्याशिवाय मी कुठल्याही माउंटची शिफारस करणार नाही.

स्प्रिंगच्या रायफलीला बंदुकीचा नियम लावणं

माउंट रेलवर पुढे ढकलून आवळा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. दारूच्या काडतुसाच्या रायफलीसाठी तो बरोबर आहे. रायफल मागे धक्का देते, स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलच्या मानाने पुढे सरकतो. खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकला असेल तर त्याला सरकायला जागा उरत नाही.

स्प्रिंग-पिस्टनच्या एअर रायफलीत गणित उलटं होतं. पिस्टन सुटतो तेव्हा रायफल मागे येते, पण पिस्टन पुढे जाऊन थांबताना तिला पुढे जोरदार झटका बसतो. हा दुसरा झटका स्कोपला रेलवर मागे ढकलतो. म्हणून इथे माउंट मागच्या बाजूला टेकवून आवळायचं, आणि 11 मिमीच्या डव्हटेलवर (रायफलीवरच कोरलेल्या दोन तिरप्या खोबणींवर) स्टॉप पिन (माउंटला सरकू न देणारी खिळी) रायफलीच्या भोकात उतरवायचीच. पिन वरच राहिली तर स्क्रू कितीही आवळा, माउंट हळूहळू मागे रांगतं. माउंटच्या मागच्या कडेला रेलवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवा. पन्नासेक छर्ऱ्यांनी रेघ तडकली की चोर सापडला.

याच दुहेरी झटक्याने साधे स्कोप आतून खिळखिळे होतात. मोठ्या बोअरच्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप स्प्रिंगच्या रायफलीवर महिन्याभरात मान टाकू शकतो. विकत घेतानाच तो स्प्रिंग एअर रायफलीसाठी आहे का, ते विचारून घ्या.

पकडही इथे झीरो हलवते. पुढचा हात घट्ट आवळला किंवा दस्ता थेट लाकडी बाकावर टेकवला की छर्रा दुसरीकडे जातो. मऊ आधार घ्या, पकड सैल ठेवा आणि रोज एकाच जागी धरा.

रिंगांचे स्क्रू जीव तोडून आवळणं

रिंगांना साधारण 2 न्यूटन-मीटर पुरतात, आणि कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. जास्त आवळलं की स्कोपचं नळकांडं चेपतं, आतली भिंगांची नळी अडते आणि क्लिक फिरवूनही आडवी-उभी रेघ सरकत नाही. स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा.

टरेट शेवटच्या टोकापर्यंत फिरवणं

नळी सांध्यात वाकवून भरायच्या रायफलीत नळी किंचित खाली झुकलेली असते, म्हणून छर्रे खाली पडतात आणि आपण उंचीचं टरेट वर वर नेत राहतो. टोकाजवळ आतली स्प्रिंग सैल पडते आणि त्यानंतर झीरो रोज नवी जागा शोधतो. उपाय म्हणजे मागच्या बाजूला उंच असलेलं, झुकावासाठी बनवलेलं माउंट. टरेट मधोमध आणा आणि उरलेली उंची माउंटकडून घ्या.

पावसाळा आणि लाकडी दस्ता

दमट हवेत लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. दस्त्याचे स्क्रू ढिले पडतात आणि दोष मात्र स्कोपच्या माथी जातो. हंगामाच्या सुरुवातीला आधी हेच स्क्रू तपासा. एसीतून बाहेर काढल्यावर भिंगावर बाहेरून धुकं आलं तर पाच-दहा मिनिटं थांबा. धुकं आत असेल तर सील गेलं आहे, स्कोप कंपनीकडे पाठवा, स्वतः उघडू नका.

पॅरॅलॅक्स विसरणं

बंदुकीचे बरेच स्कोप 100 यार्डांवर जुळवलेले असतात. 20 मीटरवर गाल थोडा सरकला तरी रेघ लक्ष्यावरून सरकलेली दिसते, यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. रायफल आधारावर ठेवा, हात न लावता डोळा डावी-उजवीकडे हलवा. रेघ कागदावर हलली तर फोकसची कडी त्या अंतरावर आणा. कडी नसेल तर गाल रोज एकाच जागी टेकवा.

एवढं करूनही ग्रुप भटकत असेल, तर ओळखीच्या नेमबाजाचा खात्रीचा स्कोप मागून त्याच रिंगांत बसवा आणि त्याच डब्यातले छर्रे मारा. ग्रुप जुळला तर तुमचा स्कोप दुरुस्तीला द्या. नाही जुळला तर नळीच्या सांध्याचा बोल्ट आणि पिस्टनचं सील जाणकाराकडून तपासून घ्या.