ओटा फोडण्याआधी दुसरी चूल मांडा

स्वयंपाकघराचं काम काढताय? मग गवंडी येण्याच्या आदल्या दिवशीच बाहेरच्या खोलीत तात्पुरता संसार मांडा: टेबल, इंडक्शन, कुकर, एक कढई, मिसळणाचा डबा आणि माणशी एकच ताट-वाटी. बाकीचं सगळं खोक्यांत बांधून टाका. जास्त भांडी बाहेर राहिली की ती बाथरूममध्ये बसून घासावी लागतात आणि पाठ धरते.

इंडक्शन साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही लावू नका. २००० वॉटची शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते, साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. आमच्याकडे आमटी उकळता उकळता बोर्ड वितळला, जळका वास घरभर सुटला. एसीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटजवळच टेबल लावा.

टाइल्स कापताना उडणारी पांढरी धूळ पार कपाटातल्या कपड्यांपर्यंत पोहोचते. कापण्याचं काम गच्चीत करायला सांगा, दाराला ओली चादर लावा.

ट्रॉल्या बसवण्याआधी सिंक तुडुंब भरून एकदम सोडा आणि खालच्या प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला, तर प्लंबरला तेव्हाच थांबवून घ्या.