पॅनिक अटॅक आणि सलाइनची बाटली: या चुका टाळा

आमच्याकडं ‘अटॅक आला’ म्हटलं की अर्थ एकच. बाया रडायला लागतात, कुणीतरी गाडी काढतं, आणि लातूरला न्यायचं की सोलापूरला यावर दारातच पंचायत बसते. त्यामुळं ‘पॅनिक अटॅक’, म्हणजे हृदयाचा नव्हे तर एकाएकी येणारा जबर भीतीचा झटका, हा शब्द गावात उच्चारायचीच चोरी. माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. औषधांच्या पेट्यांमध्येच माझी बावीस वर्षं गेली. तरी मला स्वतःला हे सुरू झालं, तेव्हा खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी करून बसलो.

पहिला झटका दुकानातच आला. दुपारी तीनचा सुमार, गिऱ्हाईक नव्हतं, मी बिलं लावत बसलो होतो. छातीत एकदम धडधड, तळहाताला घाम, श्वास पुरेना, ओठांभोवती मुंग्या, आणि आता आपण जातोय ही पक्की खात्री. शेजारच्या कापड दुकानवाल्यानं मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. तिथं बाटली लावली. ती अर्धी उतरेपर्यंत मी उठून चहा मागत होतो. घरी सांगितलं, अशक्तपणा होता, सलाइननं उतार पडला.

इथंच गाठ बसली. पॅनिक झपाट्यानं चढतं, साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचतं आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत आपलं आपण ओसरतं. मग त्या अर्ध्या तासात तुम्ही जे काही केलं असेल, श्रेय त्याला जातं. कुणाचं सलाइनला, कुणाचं अंगाऱ्याला, कुणाचं सोड्याच्या बाटलीला. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, हे मला पाठ. तरी पुढच्या चार महिन्यांत मी पाच बाटल्या लावून घेतल्या.

‘गॅस झालाय’ आणि दर आठवड्याला ईसीजी

ही दोन टोकं आहेत आणि दोन्ही चुकीची. पहिल्यांदा असं झालं तर ‘गॅस असंल’ म्हणून घरी बसू नका. छातीतली कळ डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं सरकत असेल, चालताना-जिना चढताना वाढत असेल, माणूस चाळिशीपुढचा असेल, शुगर, बीपी किंवा तंबाखू असेल, तर १०८ ला फोन लावा आणि पॅनिकचा विचार दवाखान्यात पोचल्यावर करा. शुगर असलेल्यांना आणि बायांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतंच असं नाही, हेही ध्यानात असू द्या. ईसीजी, हिमोग्लोबिन, शुगर आणि थायरॉईड एकदा तपासून घ्यावं. थायरॉईड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते.

पण एकदा नीट तपासलं की तिथं थांबायचं. मी थांबलो नाही. ईसीजी झाला, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, स्ट्रेस टेस्ट झाली, मग दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडं पुन्हा तेच. रिपोर्ट नॉर्मल आला की दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी मनात यायचं की मशीनच बिघडलं असणार. रिपोर्टची फाईल हीसुद्धा सलाइनसारखीच, हे उशिरा कळलं. आणि एक तक्रार डॉक्टर मंडळींबद्दल: ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून पेशंटला परत पाठवू नका हो. काहीतरी झालेलं असतंच, त्याला नाव असतं आणि औषधही असतं.

‘मोठा श्वास घे, मोठा!’

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला आणि सगळ्यात जास्त घोळ घालणारा. पॅनिकमध्ये माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. श्वास पुरत नाही असं वाटतं, पण हवा कमी पडलेली नसते. उलट, जास्त श्वासामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानं डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात आणि कधीकधी हाताची बोटं आखडून चोचीसारखी एकत्र येतात. ती बोटं बघितली की घरचे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. मग पेशंट आणखी घाबरतो, आणखी जोरात श्वास ओढतो.

म्हणून श्वास मोठा नको, सावकाश पाहिजे. नाकानं मनात चार अंक मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. जोर सोडण्यावर द्यायचा. एक हात पोटावर ठेवला की कळतं, श्वास पोटातून चाललाय की खांदे वर उचलून. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय मात्र करू नका. दुखणं खरंच हृदयाचं किंवा दम्याचं असलं तर ती पिशवी जिवावर बेतू शकते.

वरच्या खिशातली पट्टी

माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात वर्षभर अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट उतरवणाऱ्या गोळीची, अर्धी पट्टी होती. चांदीच्या कागदाच्या कडा खिशाला घासून मऊ झालेल्या. बोलता बोलता बोट आपोआप तिथं जायचं, आहे का बघायला. एकदा उदगीरच्या रस्त्यावर निम्म्यात आल्यावर लक्षात आलं की शर्ट बदललाय. तिथूनच गाडी वळवली.

हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवायची. मी दुसऱ्याला चिठ्ठी मागत होतो आणि स्वतःला ड्रॉवरमधून काढून देत होतो. आता गंमत बघा. गोळी गिळल्यावर रक्तात उतरून काम करायला अर्धा तास तरी लागतो. माझा जीव मात्र पाचव्या मिनिटाला थाऱ्यावर यायचा. म्हणजे गोळी अजून पोटातच असताना तिचं श्रेय जमा होत होतं!

डॉक्टर काही वेळा सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांसाठी ही गोळी देतात, ते वेगळं. रोजची झाली की सवय लागते, डोस वाढत जातो, आणि रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. ज्यांची आधीच सुरू आहे त्यांनी हे वाचून उद्यापासून सोडू नका. डॉक्टर हळूहळू कमी करून देतील.

दाराजवळची सीट

गोळीनंतर टाळाटाळ येते. मी आधी एसटी सोडली, मग आठवडी बाजार, मग लग्नं. लग्नाला गेलोच तर मांडवाच्या कडेला, चपलांजवळची खुर्ची. जिथून पळून आलो तिथं काही झालं नाही, याचं श्रेय पळण्याला मिळतं आणि जग दर महिन्याला आणखी आखडतं. लातूरला शिकवणीसाठी राहिलेली पोरं मला दुकानात भेटतात. त्यांच्यातली काही वर्गात मागच्या दाराशीच बसतात, मग एक दिवस वर्गच सोडतात. घरी मात्र ‘पोट दुखतं’ म्हणून सांगतात.

यावरचा खरा उपचार उलटा आहे. सीबीटी म्हणतात त्याला, म्हणजे विचार आणि वागण्याची सवय बदलायची बोलून-करून द्यायची थेरपी. साधारण बारा-पंधरा बैठका होतात. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच महिन्यात मला त्यांच्या खोलीत जागच्या जागी मिनिटभर पळायला लावलं. मग खुर्चीत गरागरा फिरवलं, मग बारीक नळीतून श्वास घ्यायला सांगितला. धडधड, चक्कर, घुसमट, सगळं मुद्दाम काढायचं आणि त्यातून पळायचं नाही. मला वाटलं, पैसे देऊन हे काय करून घ्यालालोय मी! चौथ्या वेळेला त्या धडधडीचा कंटाळा आला. तो कंटाळा म्हणजेच गुण. मग एसटी: आधी एक थांबा, मग तीन, मग लातूरपर्यंत, खिडकीकडंला, पट्टी घरी ठेवून. दमा, हृदयविकार, फिट किंवा पोटात बाळ असेल तर हे पळणं-फिरणं मनानं करू नका.

आठ दिवसांत ‘गुण नाही’

पॅनिकची मुख्य औषधं वेगळी. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही नावं चिठ्ठ्यांवर जास्त दिसतात. ती लागू पडायला दोनपासून सहा आठवडे घेतात, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी उलट थोडी वाढू शकते. म्हणून डॉक्टर कमी डोसनं सुरू करतात. माणूस चौथ्या दिवशी पट्टी परत घेऊन येतो, ‘ह्यानं तर जास्तच होऊलालंय’. दुसरा तिसऱ्या महिन्यात बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद करतो आणि दिवाळीपर्यंत पुन्हा पहिल्या जागी येतो. बरं वाटल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावं लागतं, आणि थांबवायचं तेही टप्प्याटप्प्यानं. या गोळ्यांनी माणूस ‘गुंगीत’ राहतो, हे खरं नाही. मी रोज हिशेब करत होतो.

मध्ये आईनं अंगारा लावला, उतारा टाकला. मी अडवलं नाही. नवस फेडा, दर्शनाला जा, फक्त त्यापायी गोळी आणि तारीख चुकवू नका.

बारीकसारीक: चहा दिवसाला आठ कप होता तो दोनवर आणा. तंबाखू-गुटख्यानं धडधड वाढते. रात्रीची दारू दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट वसूल करते.

जायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. लातूर, नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत हा विभाग आहे. ओळखीचं कुणी बघेल ही भीती असेल तर आधी १४४१६ लावा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

भोवतीची माणसं

कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, तोंडावर पाणी मारणं, दहा जणांनी वाकून ‘काय होऊलालंय?’ विचारणं. यातलं काहीच नको. एकानं शेजारी बसावं, बाकीच्यांनी कामाला जावं. ‘घाबरू नको’ म्हणून काही होत नाही. घाबरणं हाच तर आजार.

माझ्या बायकोला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं. परवा अंगणात बसल्या बसल्या माझा चेहरा तिला दिसला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाली, ‘होऊलालंय का? होऊ द्या. मी हितंच हाय.’ आणि पुढ्यातलं तुरीचं सूप पाखडत राहिली. मी खडे मोजत बसलो. तिचं दुसरं सूप होईस्तोवर मीच विचारलं, आज कालवण कशाचं.