चेरी न खाता चेरी ओळखायची

वाइनच्या कोर्सला नाव घातलं तेव्हा मी एका रेस्टॉरंटमध्ये सर्व्हिसला होतो. यादीतल्या इटलीच्या पानावर कुणी बोट ठेवलं की माझी दांडी गुल.

सरावाच्या पहिल्याच दिवशी झाकलेल्या बाटलीतून एक रेड ओतली. इतकी फिकट, की ग्लास कागदावर धरला तर खालची अक्षरं वाचता येत होती. कडेला विटकरी छटा. मी बेधडक 'पिनो न्वार' (फिकट रेड देणारं एक द्राक्ष) लिहून मोकळा. निघाली इटलीची बारोलो. सरांनी एवढंच विचारलं, "तोंडात धरलीस का?" नीट धरलीच नव्हती. मग धरली. काजूचं बोंड चावल्यावर होतं तसं झालं, हिरड्या आवळल्या, ओठ आतून कोरडे पडले आणि मागून तोंडाला पाणी सुटलं.

म्हणून नवीन मुलांना सांगतो, इटलीच्या रेडमध्ये रंगावर जाऊ नका. तुरट किती, आंबट किती, ते आधी ठरवा. बारोलो नेब्बिओलो द्राक्षाची, उत्तर इटलीतल्या पिएमोंतेची. बाजारात यायला किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडात. त्याच भागातल्या बार्बेरा द्राक्षाची वाइन बरोबर उलटी. रंगाला गडद, आंबटपणा भरपूर, पण तुरटपणा जेमतेम. दोन्ही शेजारी ठेवून प्यायलात तर पुस्तकाची दहा पानं वाचायची गरज उरत नाही.

वासाचं दुखणं वेगळं. नेब्बिओलोत गुलाब, डांबर आणि चेरी शोधायची असते. डांबर मला लगेच सापडलं, रस्त्याचं काम चालू असलं की येतो तोच वास. चेरीपाशी मात्र अडलो. आपल्याकडे केकवर मिळते ती चेरी बरेचदा पाकातलं करवंदच! शेवटी वहीत दोन रकाने केले. एकात परीक्षेचा शब्द, दुसऱ्यात माझा. सांजोव्हेसे या द्राक्षासमोर 'आंबट चेरी' आणि बाजूला 'अर्धवट पिकलेलं करवंद, थोडं आमसूल'. कियांती क्लासिको या वाइनमध्ये हे द्राक्ष किमान 80 टक्के, ब्रुनेल्लो या वाइनमध्ये शंभर. सांजोव्हेसे आपल्या अकलूजलाही पिकतं. चव हुबेहूब तीच नाही, पण सरावाला खिशाला परवडतं.

आमारोने ही वाइन समजायला तासगाव पुरेसं आहे. बेदाण्याच्या शेडवर गेला असाल तर अर्धं काम झालं. इटलीतल्या व्हेनेतो भागात कोर्व्हिना वगैरे द्राक्षं काढणीनंतर काही महिने सुकवतात, पार बेदाणा होईपर्यंत नाही. पाणी उडतं, साखर दाट होते आणि त्या साखरेचं अल्कोहोल होतं, सहज 15 टक्के. वास मनुका-अंजिराचा, म्हणून नवखे हमखास 'गोड' लिहितात. मीही लिहिलं होतं. मुळात आमारोने कोरडीच धरतात, म्हणजे गोड नसलेली.

आणि मोंतेपुलचानो! 'व्हीनो नोबिले दी मोंतेपुलचानो' तोस्कानातल्या गावाच्या नावाची, द्राक्ष मुख्यतः सांजोव्हेसे. 'मोंतेपुलचानो दाब्रुत्सो'मध्ये मोंतेपुलचानो हे द्राक्षाचंच नाव, रंगाला काळीभोर. दोन्ही एकच म्हणून मी एका पाहुण्याला ठणकावून सांगितलं होतं. तो इटालियन निघाला.

बाटल्या महाग पडतात, तेव्हा पहिला महिना घरीच काढा. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा दहा मिनिटं उकळा, तो झाला टॅनिनचा, म्हणजे तुरटपणाचा धडा. पाण्यात लिंबू पिळा, तो आंबटपणाचा. घोट तोंडात घोळवून बेसिनमध्ये थुंकायची सवयही तेव्हाच लावून घ्या. मी लाजून गिळत राहिलो होतो, आणि सहाव्या ग्लासानंतर लिहिलेलं एक अक्षरही दुसऱ्या दिवशी मला लागलं नाही.